विषम तालालाही सम असते

काही महिन्यांपूर्वी एका महाविद्यालयाच्या मराठी विभागात परिसंवाद भरला होता. पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थ्याने तेथे आपल्या नियोजित निबंधाचा विषय मांडला : सीक्वेन्सरवर रचलेल्या सिंथेसायझर-संगीतातील विषम मात्रांचे ताल, आणि त्यांचा आपल्या छंदोविचाराशी लागणारा संबंध. अध्यक्षस्थानी एक ज्येष्ठ समीक्षक होते. त्यांनी विषय ऐकून घेतला, स्मित केले आणि म्हणाले, "यंत्राला ठोका असतो, छंद नसतो. त्याला चाराच्या पलीकडे मोजता येत नाही, आणि मोजलेच तरी त्याला सम कळत नाही." सभागृहात हशा पिकला. विषय तेथल्या तेथे निकालात निघाला आणि विद्यार्थ्याला 'एखादे अक्षरगणवृत्त घे आणि त्यावर नीट काम कर' असा वडीलकीचा सल्ला मिळाला.

प्रस्तुत लेखक त्या सभागृहात होता आणि गप्प बसला होता. हा लेख त्या गप्प बसण्याची उशिरा केलेली भरपाई आहे.

अध्यक्षांच्या त्या एका विधानात तीन विधाने दडलेली आहेत. यंत्राला चारापलीकडे मोजता येत नाही, हे पहिले. यंत्राजवळ ठोका असतो पण छंद नसतो, हे दुसरे. यंत्राला सम कळत नाही, हे तिसरे. पहिले वस्तुस्थितीच्या दृष्टीने खोटे आहे. दुसरे अर्धवट आहे. तिसरे मात्र अक्षरशः खरे आहे, पण ते खरे असल्याने काहीच सिद्ध होत नाही. कागदालाही यमक कळत नाही. म्हणून कागदावर लिहिलेली कविता यमकहीन ठरत नाही.

१.

आधी सीक्वेन्सर म्हणजे काय, ते साध्या शब्दांत सांगायला हवे. कारण आपल्या साहित्यविभागांत या यंत्राविषयी जी मते व्यक्त होतात, त्यांतली बरीचशी यंत्र न पाहता बनलेली असतात. एका ओळीत काही घरे आहेत, अशी कल्पना करावी. प्रत्येक घरात एक मूल्य भरलेले असते : अमुक स्वर वाजव, अमुक जोराने वाजव, किंवा गप्प राहा. ठरावीक अंतराने एक स्पंद येतो आणि खेळ एका घरातून पुढच्या घरात सरकतो. शेवटचे घर संपले की तो पुन्हा पहिल्या घरात येतो. आपण ज्याला आवर्तन म्हणतो, त्याची ही सर्वांत उघडी, सर्वांत निरलंकृत आकृती आहे.

छंदशास्त्राच्या अभ्यासकाला ही ओळ अनोळखी वाटू नये. प्रत्येक स्थानी दोन पर्याय धरले, तर तीन स्थानांचे आठ प्रकार होतात; आपले आठ गण म्हणजे तेच, आणि शाळेत 'यमाताराजभानसलगं' घोकताना आपण तेच पाठ केलेले असते. आठ स्थानांचे २५६ प्रकार होतात आणि सोळा स्थानांचे ६५,५३६. पिंगलाच्या परंपरेत लघु-गुरूंचे सगळे संभाव्य क्रम मांडून दाखवण्याच्या या रीतीला प्रस्तार म्हणतात. सीक्वेन्सरच्या सोळा बटणांपैकी कोणती पेटलेली आणि कोणती विझलेली, हा क्रम अशा प्रस्तारातील एक ओळ असतो. साम्य मोजणीपुरतेच आहे, हे मान्य. गुरु अक्षर लघूच्या दुप्पट वेळ घेते. विझलेले बटण पेटलेल्या बटणाइतकाच वेळ घेते. पण मोजणीपुरते तरी साम्य आहे, आणि 'यंत्राला मोजता येत नाही' हा आक्षेप मोजणीपुरताच होता.

आता चाराची गोष्ट. मूग कंपनीच्या ज्या सीक्वेन्सरने १९६० च्या दशकाच्या अखेरीस या प्रकाराला रूप दिले, त्या ९६० क्रमांकाच्या यंत्रात आठ घरांच्या तीन ओळी होत्या. प्रत्येक घराला तीन अवस्थांचा एक खटका होता : नेहमीप्रमाणे चाल, येथे थांब, किंवा हे घर वगळून पुढे जा. आठवे घर वगळले की सात मात्रांचे आवर्तन तयार. आणखी दोन वगळली की पाचांचे. चारातून बाहेर पडायला लागणारी सगळी तांत्रिक प्रगती म्हणजे बोटाने एक खटका सरकवणे, इतकीच होती. जर्मनीच्या टँजरिन ड्रीमने १९७४ साली 'फीड्रा' या ध्वनिमुद्रिकेतून सीक्वेन्सरचे जे स्पंदन घरोघरी पोचवले, त्यामागेही मूगचेच यंत्र होते. म्हणजे या कलाप्रकाराच्या बाल्यावस्थेतही सात मात्रा हाताच्या अंतरावर होत्या. त्या घ्यायच्या की नाही, हे यंत्राने ठरवलेले नाही.

एक उदाहरण या वादात नेहमी उलट्या बाजूने दिले जाते. पिंक फ्लॉइडच्या १९७३ सालच्या 'द डार्क साइड ऑफ द मून' या ध्वनिमुद्रिकेत 'मनी' हे गाणे सात मात्रांत आहे. नाण्यांचा खणखणाट, गल्ल्याची घंटा, कागद फाटण्याचा आवाज असे सात ध्वनी फितीवर घेऊन, फितीचे तुकडे मोजून कापून जोडले आणि ते वेटोळे फिरत ठेवले. त्याच मुद्रिकेतील 'ऑन द रन' या रचनेत मात्र सिंथी एकेएस या यंत्राच्या सीक्वेन्सरवर आठ स्वरांची ओळ वेगाने फिरते. यावरून कोणी म्हणेल : पाहा, माणसाने कात्रीने कापले तेव्हा सात आले, यंत्राने मोजले तेव्हा आठ. युक्तिवाद आकर्षक आहे, पण सिंथी एकेएसच्या सीक्वेन्सरला सोळा घरांची चौकट नव्हतीच. वादकाने पट्टीवर जे वाजवले, ते तो २५६ नोंदींपर्यंत आठवणीत ठेवत असे आणि जसेच्या तसे परत म्हणत असे. आठ स्वर वाजवणाऱ्याने वाजवले होते. सात वाजवले असते तर यंत्राने सात परत दिले असते, आणि एकवीस वाजवले असते तर एकवीस.

२.

मग चार आले कोठून? कारण ते आले आहेत, हे तर नाकारता येत नाही. १९८० नंतर यंत्रावर रचलेल्या नृत्यसंगीताचा फार मोठा भाग चार मात्रांच्या, तेही चारही मात्रांवर सारखाच ढोल पडणाऱ्या चालीत आहे.

रोलँड या जपानी कंपनीचे टीआर-८०८ हे तालयंत्र १९८० साली आले. त्याच्या खालच्या पट्टीवर सोळा बटणे आहेत आणि ती चार रंगांत आहेत : चार तांबडी, चार नारिंगी, चार पिवळी, चार पांढरी. सोळापेक्षा कमी घरांचे आवर्तन ठेवण्याची सोय यंत्रात होती. पण यंत्र हाती घेणाऱ्याचा डोळा आधी रंग पाहतो आणि बोट त्या डोळ्यामागून जाते. चाराचे बंधन विद्युतमंडलात नव्हते. ते रंगात होते.

दुसरा पुरावा याहून बोलका आहे. निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून १९८३ साली 'मिडी' ही संकेतप्रणाली प्रचारात आली. तिच्यात लय सांगणारा जो स्पंद आहे, तो एका ठोक्याला चोवीस वेळा येतो. त्यात कोठेही 'येथे आवर्तन संपले' असे सांगितलेले नसते. तो स्पंद समेविषयी पूर्णपणे निर्विकार आहे. सात, नऊ, तेरा, सगळे त्याला सारखेच. परंतु या प्रणालीतील रचना फाइलमध्ये साठवण्याचे जे नियम पुढे बनले, त्यांत एक कलम असे आहे की, मात्रासंख्या सांगितलेली नसल्यास ती चार-चार अशी धरावी आणि गती मिनिटाला १२० ठोके. यंत्राच्या नाडीत चार नाहीत. माणसांनी बसून लिहिलेल्या नियमांत ते आहेत. आणि तेही सक्ती म्हणून नव्हे, 'तुम्ही काही बोलला नाहीत तर' या अटीवर.

'तुम्ही काही बोलला नाहीत तर' हे शब्द साहित्याच्या विद्यार्थ्यांनी जरा थांबून वाचावेत. परंपरेतून चालत आलेला कोणताही रूपबंध असाच वावरतो. लिहिणारा स्वतः काही ठरवत नाही, तेव्हा त्याच्या वतीने ठरवले जाते. चौदा ओळींच्या सुनीताची सवय, कथेच्या शेवटच्या कलाटणीची सवय, कादंबरीच्या पहिल्या परिच्छेदातील पावसाची सवय आणि चार मात्रांची सवय यांत प्रकारभेद नाही. सवयीला यंत्राचे नाव देऊन मोकळे होणे मात्र सोयीचे असते, कारण यंत्राला जाब विचारता येत नाही.

चाराच्या बाजूने जे खरे कारण आहे, तेही सांगायला हवे. नृत्यशाळेत तबकड्या वाजवणारा एक तबकडी संपता संपता दुसरी तिच्यात मिसळतो. दोन्हींचे आवर्तन सारखे असेल, तरच सांधा बेमालूम बसतो. चार, आठ, सोळा अशा पटींनी वाढणारी रचना या कामाला सोयीची आहे आणि त्या सोयीतून उत्तम संगीत निर्माण झाले आहे. त्रितालाच्या सोळा मात्रा चार-चारच्या चार खंडांत विभागलेल्या आहेत, म्हणून त्रितालाला कोणी उथळ म्हणत नाही. चाराला नावे ठेवणे हा येथे हेतू नाही. चार हा निर्णय आहे आणि तो माणसाचा आहे, एवढेच म्हणणे आहे.

यंत्राचा खरा दोषही एका जागी आहे, तो लपवत नाही. चोवीस या संख्येला दोन, तीन, चार, सहा, आठ आणि बारा यांनी भाग जातो. पाच आणि सात यांनी जात नाही. त्यामुळे पाच ठोक्यांचे आवर्तन करणे यंत्राला सहज जमते, पण एका ठोक्याच्या पोटात पाच सारखे भाग पाडायचे झाले, तर मिडीच्या चोवीस स्पंदांत ते नेमके बसत नाहीत. आजच्या अनेक सॉफ्टवेअरांत ठोक्याचे ९६० भाग असतात. पाचाची अडचण तेथे सुटते, सातांची सुटत नाही. आपल्या अध्यक्ष महोदयांनी हा आक्षेप घेतला असता, तर तो ऐकून घेण्यासारखा होता. पण त्यासाठी यंत्र उघडून पाहावे लागते.

३.

येथपर्यंत वाचून जे खूश झाले असतील, त्यांच्याकडे आता वळायला हवे. विषम मात्रांचे भक्त ही एक वेगळी जमात आहे आणि तिने या विषयाचे नुकसान समीक्षकांइतकेच केले आहे. त्यांचे तर्कशास्त्र सरळ आहे : चार म्हणजे बाजार, सात म्हणजे बुद्धी, चार म्हणजे कळप, अकरा म्हणजे बंड. सोळा घरांतून एक घर काढून टाकायचे, पंधरांचे आवर्तन फिरू द्यायचे आणि श्रोता अडखळला की त्याच्या अडखळण्याला खोलीचा पुरावा मानायचे.

या भक्तांना दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली, विषम मात्रा बुद्धीच्या आणि सम मात्रा देहाच्या, हे कोणी सांगितले? बल्गेरियातील खेडुतांचे राचेनित्सा हे नृत्य दोन-दोन-तीन अशा सात मात्रांत चालते आणि लोक ते लग्नात नाचतात. आपल्याकडे समर्थांचे मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत. चरणात चार य गण. य म्हणजे लघु-गुरु-गुरु, अर्थात पाच मात्रा. लघुगुरूंचे मान काटेकोर राखून म्हटले, तर पाच-पाच-पाच-पाच अशी ती चाल आहे. दिवेलागणीला ते श्लोक म्हणणाऱ्या पोराला आपण काही बंडखोर, बुद्धिवादी कृत्य करीत आहोत असे कधी वाटले नाही. पाच ही त्याला चालण्याइतकी स्वाभाविक होती. 'हॅलोवीन' या १९७८ सालच्या चित्रपटासाठी दिग्दर्शक जॉन कार्पेंटरने जी पाच मात्रांची धून केली, तिचेही मूळ पोथीत नाही. लहानपणी वडिलांनी बोंगोवर पाच मात्रा वाजवायला शिकवल्या होत्या, त्या हातात राहिल्या.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. एक मात्रा कापली म्हणजे नवा ताल होत नाही. मोठ्या अभंगाचे उदाहरण घेऊ. पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे आणि चौथ्यात चार. चौथ्या चरणात दोन अक्षरे 'कमी पडली' असे कोणाही ऐकणाऱ्याला वाटत नाही. उलट ओळ तेथे टेकते असे वाटते. याचे कारण दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाच्या शेवटी येणारे यमक. त्या यमकाने कान बांधलेला असतो, आणि बांधलेल्या कानालाच आखूड चरण हा शेवट म्हणून ऐकू येतो. तयारीवाचून आखूड केलेली ओळ ही नुसती तुटलेली ओळ असते. वृत्तातील चार अक्षरे गाळून त्याला मुक्तछंद म्हणणारे कवी आपण वर्गात पाहिलेले आहेत. सोळातून एक घर गाळून त्याला विषम ताल म्हणणारे संगीतकार त्यांचेच सख्खे भाऊ.

म्हणून कसोटी एकच असावी. गाळलेली मात्रा परत घालून पाहावी. काहीच हरवले नाही, उलट सगळे सुखाने चालू लागले, तर विषमता ही केवळ सजावट होती. काही मोडले, तर तो ताल होता.

या कसोटीला उतरणारी उदाहरणे आहेत. 'द टर्मिनेटर' या १९८४ सालच्या चित्रपटाचे संगीत ब्रॅड फिडेल याचे. त्याने प्रॉफेट-१० या सिंथेसायझरच्या सीक्वेन्सरवर ठेका घेतला आणि आवर्तन मिटवण्याचे बटण हाताने दाबले. ते किंचित चुकीच्या क्षणी दाबले गेले. ठेका सोळांशाच्या तेरा मात्रांत फिरू लागला. चूक दुरुस्त करणे अवघड नव्हते. फिडेलने ती ऐकली, तिच्यातील लंगडत पुढे येणारी, न थांबणारी चाल त्याला चित्रपटाची वाटली, आणि त्याने ती ठेवली. तिच्यावर संथ, दीर्घ सुरावट रचली. तेराच्या सोळा करून पाहा. उरेल ते एक शिस्तीचे संचलन. पाठलाग उरणार नाही. येथे यंत्राने तेरा मोजले, पण तेरा निवडले माणसाच्या कानाने. अपघात कोणाच्याही हातून होतो; तो ठेवायचा की पुसायचा, हे ठरवण्यालाच रचना म्हणतात.

कसोटीला उतरणारा दुसरा प्रकार यंत्राच्या स्वभावातूनच निघतो. एकाच स्पंदावर दोन ओळी चालू ठेवाव्यात : एक सोळा घरांची, दुसरी सात घरांची. दोघी एकत्र निघतात, लगेच दुरावतात आणि ११२ घरांनंतर पुन्हा एकाच जागी भेटतात. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गतीत, ठोक्याला चार घरे धरून, ही भेट बरोबर १४ सेकंदांनी होते. चौथी-पाचवीत शिकलेला लघुतम साधारण विभाज्य येथे ऐकू येतो. तिहाईचा हिशेब ज्याला ठाऊक आहे, त्याला या सुखाची जात लगेच ओळखू येईल : समेपासून दूर जाणे, आणि दूर जाण्यातच समेची ओढ वाढवत नेणे. एबलटन लाइव्हसारख्या आजच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक तुकड्याची लांबी स्वतंत्र ठेवता येते, त्यामुळे हे करायला आता विशेष सायास लागत नाहीत. सायास लागतात ते चौदाव्या सेकंदाची भेट श्रोत्याला भेट म्हणून ऐकू यावी यासाठी. ती ऐकू आली नाही, तर ११२ ही संख्या रचणाऱ्याच्या वहीत राहते, संगीतात येत नाही.

एक वेगळे प्रकरण येथेच नोंदवतो, कारण साहित्याच्या अभ्यासकांना त्यात आपला विषय दिसेल. १९९४ साली ब्रिटनमध्ये फौजदारी न्यायाचा एक कायदा झाला. उघड्यावर भरणारे रात्रीचे नृत्यमेळावे रोखण्यासाठी त्यात संगीताची व्याख्या करताना एकापाठोपाठ पुनरावृत्त होणाऱ्या ठोक्यांचा उल्लेख होता. म्हणजे आवर्तन ही पोलिसांच्या अखत्यारीतील बाब झाली. हे विधेयक चर्चेत असतानाच ऑटेकर या जोडगोळीने 'अँटी' ही मुद्रिका काढली. तिच्यातील 'फ्लटर' ही रचना अशी बांधली होती की, तिच्यातील कोणतेही दोन खंड ठोक्यांच्या मांडणीत सारखे नसावेत. ती वाजवताना वकील आणि संगीतशास्त्रज्ञ जवळ ठेवावा, असा खोचक सल्लाही सोबत छापला होता. 'फ्लटर'ला मी विषम ताल म्हणणार नाही. तो तालाचा नकार आहे, आणि त्या नकाराला कारण होते. पण ज्यांना छंद ही केवळ तांत्रिक, निरुपद्रवी बाब वाटते, त्यांनी लक्षात घ्यावे की, एका सरकारला तसे वाटले नव्हते.

४.

आता घरातल्या गोष्टीकडे येऊ. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वादक म्हणून हयात घालवलेल्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली एक ध्वनिमुद्रिका केली. टीआर-८०८ हे तालयंत्र, टीबी-३०३ हा खर्जाचा सीक्वेन्सर आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, ही तिची सामग्री. तिचे नावच सांगते की, हे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले आहेत. मुद्रिका त्या काळी फारशी कोणी ऐकली नाही. २०१० साली ती पुन्हा प्रकाशित झाली आणि जगाच्या लक्षात आले की, शिकागोतील फ्यूचर या चमूच्या १९८७ सालच्या 'अॅसिड ट्रॅक्स'पासून जे वळण सुरू झाले असे मानले जाते, त्याच्याशी विलक्षण जवळीक असलेले काही मुंबईत पाच वर्षे आधीच झाले होते. कौतुकाचा पूर आला. चरणजित सिंग २०१५ साली वारले. ते कौतुक त्यांना पाहता आले, याचा आनंदच आहे.

माझी तक्रार त्या मुद्रिकेविषयी नाही. तिने जे केले, ते नावातच प्रामाणिकपणे सांगितले आहे. तक्रार आहे ती कौतुक करणाऱ्या आपल्या लोकांविषयी. 'भारतीयत्व' यंत्रात उतरले, असे सगळ्यांनी लिहिले; आणि भारतीयत्व म्हणजे काय, तर राग. दहा राग आत घेतले आणि ताल दारातच चपलांशेजारी राहिला, हे कोणाला खटकले नाही. ज्या यंत्राला सात किंवा दहा घरांचे आवर्तन ठेवता येत होते, त्यावर रूपक आणि झपताल का आले नाहीत, हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला नाही. आम्ही मागाहून बोलणाऱ्यांनीही विचारला नाही. आणि आता आम्हीच म्हणतो की, यंत्राला चारापलीकडे मोजता येत नाही.

यंत्र आपल्याकडे उशिरा आले, असे म्हणण्याचीही सोय नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराच्या साहाय्याने १९६९ साली मूग सिंथेसायझर उभा राहिला होता. त्यावर गीता साराभाई आदी भारतीय रचनाकारांनी १९७२ पर्यंत जे काम केले, त्याच्या फिती २०२३ साली प्रकाशित झाल्या तेव्हा कुठे बाहेरच्यांना ऐकायला मिळाल्या.

आणि सर्वांत गमतीची गोष्ट अशी की, चारापलीकडे मोजणारे यंत्र आपल्या गल्लीगल्लीत आहे. गाण्याच्या कोणत्याही क्लासात जावे. कोपऱ्यात इलेक्ट्रॉनिक तबल्याची पेटी असते. बंगळूरच्या राडेल कंपनीची 'तालमाला' ही त्यांतली सर्वपरिचित. बटण दाबले की ती झपताल देते, रूपक देते, दीपचंदी देते. ती पेटी म्हणजे सीक्वेन्सरच आहे. तिच्यासमोर बसून वर्षानुवर्षे रियाज करणारी माणसेच सभागृहात हसली. पेटीला आपण वाद्य मानले नाही, सोय मानले. म्हणून तिने काय सिद्ध केले, ते आपल्याला दिसले नाही.

५.

छंदशास्त्रात सम, अर्धसम आणि विषम असे वृत्तांचे तीन भेद आहेत. चारही चरण सारखे ते समवृत्त. पहिला-तिसरा आणि दुसरा-चौथा सारखे ते अर्धसम. चारही वेगळे ते विषम. विषम वृत्त हेही वृत्तच आहे, वृत्ताचा भंग नव्हे. तालातही तसेच : रूपकाच्या सात मात्रा तीन-दोन-दोन अशा असमान खंडांत आहेत आणि त्याची समच खाली आहे, म्हणजे जेथे जोर अपेक्षित तेथे पोकळी. तरीही ती सम आहे, आणि गाणारा तिच्यावर येतो तेव्हा मान डोलतेच. विषमता ही समेच्या विरुद्ध नाही. समेकडे जाण्याची ती एक वाट आहे. ही समज ज्या परंपरेपाशी आहे, तिने यंत्राकडे पाहून हसावे, हे शोभत नाही.

माधव जूलियनांनी 'छंदोरचना' लिहिली, तेव्हा ते फक्त गण मोजत बसले नव्हते. मराठी पद्य प्रत्यक्षात कसे चालते, हे त्यांना तपासायचे होते. त्या ग्रंथाच्या भाषेत आज आपण वृत्त शिकवतो ते कसे? 'वृत्त ओळखा व गण पाडा.' विद्यार्थी गण पाडतो, गुण घेतो, आणि ओळ कानाने कधीच ऐकत नाही. घरे भरता येणे आणि ताल ऐकता येणे यांत जे अंतर आहे, ते यंत्रापुढे बसलेल्या पोराला आपल्यापेक्षा आधी कळते. कारण यंत्र ताबडतोब वाजवून दाखवते.

परिसंवाद संपल्यावर त्या विद्यार्थ्याला बाहेर गाठले आणि त्याचे काम ऐकवायला सांगितले. त्याने लॅपटॉप उघडला. दहा घरांचे आवर्तन होते. पहिल्या प्रयत्नात दहाही घरांत सारखाच आवाज होता, आणि खरोखरच तो नुसता ठोका होता. अध्यक्षांचे म्हणणे तेवढ्यापुरते बरोबर होते. दुसऱ्या प्रयत्नात त्याने दोन-तीन-दोन-तीन अशा खंडांच्या आरंभी जोर दिला होता. अजूनही काही जमत नव्हते. तिसऱ्या प्रयत्नात त्याने सहाव्या आणि सातव्या घरातला खर्जाचा आवाज काढून टाकला, आणि आठव्या घरात तो परत आणला.

झपताल उभा राहिला. दोन घरे रिकामी केल्याबरोबर बाकीच्या आठांना अर्थ आला, आणि पहिल्या मात्रेची ओढ लागली. "हे कसे सुचले?" विचारल्यावर तो म्हणाला, "सर, आजीकडे पेटी आहे. लहानपणी ऐकत झोपायचो."

यंत्राला सम कळत नाही, हे अगदी खरे आहे. ती त्याला कळत होती. त्याचा निबंध कोणी स्वीकारणार असेल, तर मार्गदर्शक म्हणून आपले नाव पुढे करायला प्रस्तुत लेखक तयार आहे. ज्यांना हसायचे असेल, त्यांनी आधी दहा घरे भरून पाहावीत.